कुलगुरू मामा

आमच्या कुलगुरूंना अख्खं विद्यापीठ ‘मामा’ म्हणायचं, आणि कुलगुरू होत्या बाई. इरकल साडी, घट्ट अंबाडा, नाकावर घसरणारा चष्मा, नावामागे डॉक्टरेट, तरी मामा. नवीन माणसाची फार पंचाईत व्हायची. बाहेरगावचा एखादा प्राध्यापक केबिनबाहेर ताटकळून शिपायाला विचारायचा, “मॅडम आहेत का?” शिपाई सांगायचा, “मामा मलकापूरला गेल्यात. सोयरीक हाय.” पाहुणा फाईल काखेत मारून परत जायचा आणि पुण्यात पोचल्यावर सांगायचा, की कोल्हापुरात कुलगुरूंच्या मामांचं या वयात लग्न ठरतंय.

मी त्यांचा स्वीय सहायक, जाधव. स्वीय सहायक म्हणजे मॅडमच्या मागून पर्स, पाण्याची बाटली आणि फायली घेऊन पळणारा माणूस. विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही. कोल्हापुरात विद्यापीठ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते आमचं नव्हे, एवढं लक्षात ठेवा. आमचं लहान, खाजगी, शहराबाहेर उसाच्या फडाला लागून. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, तेच विद्यापीठाचे कुलपती. आबासाहेबांना उदंड आयुष्य आहे आणि माझा जावई अजून तिथे नोकरीला आहे, तेव्हा नावागावाच्या भानगडीत आपण पडायला नको.

आबासाहेबांना महिला कुलगुरू हवी होती. तपासणीला समित्या येतात, फोटो निघतात, बरं दिसतं. फक्त त्यांना महिला हवी होती आणि ती बोलणारी नको होती. असं एकाच ठिकाणी मिळत नाही, हे त्यांना फार उशिरा समजलं.

मॅडम शिरोळकडच्या. घरी ऊस, ट्रॅक्टर, दारात म्हशी. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. पुढे सासर कसं सुटलं, कुणी कुणाला सोडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, “त्ये प्रकरण मिटलं, जाधव. पुढची फाईल घ्या.” बरोबरीच्या बायकांच्या मुली कॉलेजात जायला लागल्या, त्या वयात या पुन्हा बाकावर जाऊन बसल्या. मग थांबल्याच नाहीत. शिकल्या, शिकवलं, नवऱ्याने टाकलेल्या बायकांची संघटना बांधली, तालुक्या-तालुक्यांत मोर्चे काढले, बायकांच्या जमिनीच्या हक्कावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते पुस्तक आमच्या ग्रंथालयात होतं. कुणी वाचलं नव्हतं, पण सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं.

बोलणं मात्र शिरोळचंच राहिलं. आमच्याकडच्या बायका “मी आलो”, “मी जातो” म्हणतात, तसंच त्या विद्वत्सभेतही म्हणायच्या. संध्याकाळी काम आटोपलं की गाडी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर घ्यायला लावायच्या. कोल्हापूरकरांना कट्टा सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला तिथल्या तिथे रिचवायचा. रिचवणारे सगळे बाप्ये. बाई तिथे उभी राहत नाही. असा नियम कुणी केलेला नाही, म्हणून तर तो मोडत नाही. मॅडम पहिल्यांदा गेल्या तेव्हा पैलवान गडी पेले घेऊन मागे सरकले, कुणी टोपी सारखी करतोय, कुणी आभाळाकडे बघतोय. मॅडमनी ओठावरचा फेस पुसला आणि म्हणाल्या, “काय पावणं, म्हस बाई हाय, दूध बाईचं हाय, आणि पिणारी बाई आली की लाजता व्हय?” मी गाडीतून उतरलोच नाही. दुसऱ्या दिवसापासून कट्टेवाला गाडी दिसली की पेला विसळायला घ्यायचा.

महिला दिनाला त्यांना जिकडून तिकडून बोलावणी. एका ठिकाणी प्रमुख पाहुणे, अर्थात पुरुष, स्त्रीच्या सहनशीलतेवर इतकं बोलले की समोरच्या बायकांची सहनशीलता संपली. मॅडमना शेवटची पाच मिनिटं मिळाली. त्या उठल्या, म्हणाल्या, “बायकांनी काय सोसावं ते पावण्यांनी सांगितलंच. आता चहा पुरुषांनी द्यायचा, एवढंच माझं भाषण.” आणि खाली बसल्या. संयोजक हसले, त्यांना वाटलं विनोद आहे. मॅडम बसूनच राहिल्या. चहा कुणी आणेना आणि कार्यक्रम काही संपेना. शेवटी प्रमुख पाहुणेच किटली घेऊन फिरले. त्या चहात साखर नव्हती, पण बायकांनी तो दोन-दोनदा मागून घेतला.

आता मामाची गोष्ट. मलकापूरकडची एक मुलगी, सुवर्णा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. हुशार पोर वर्गात येईनाशी झाली. चौकशी केली तर लग्न ठरतंय, आज बैठक. मॅडम म्हणाल्या, “जाधव, गाडी काढा.” मी म्हणालो, “मॅडम, दुपारी अर्थ समिती आहे.” “अर्थ समिती परत बसंल. पोरीची बैठक एकदाच बसती.”

बैठक म्हणजे लग्नाआधी दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून मानपान ठरवतात ती. तिथे मुलीकडून बोलायचं मामाने. मुलीचा बाप नुसता मान हलवतो. मुलीचा बाप झाला की माणसाची मान मऊ होते आणि जीभ जड. सुवर्णाच्या घरी जाजम अंथरलेलं, पाहुणे बसलेले, आणि मामाची जागा रिकामी. बांधावरून बहिणीशी भांडण झालं होतं, म्हणून मामा रुसून घरी बसला होता. मुलाचा चुलता सारखा विचारत होता, “मामा कुठं हाय? कुणाशी बोलायचं?” सुवर्णाचा बाप, गरीब गाय, घाम पुसत होता. मॅडम पायताण काढून सरळ जाजमावर गेल्या आणि रिकाम्या जागेवर बसल्या. “मी बोलतो. मामाच समजा.”

पाहुणे दचकले, पण कुलगुरूला ‘ऊठ’ कोण म्हणणार? बोलणी सुरू झाली. फेटे किती, वाजंत्री कुठली, जेवणात बुंदी की जिलेबी. मॅडम सगळ्याला ‘व्हय’ म्हणत गेल्या. मी खांबाला टेकून मनात म्हणतोय, कपाळ माझं, या अर्थ समिती सोडून जिलेबीला मंजुरी द्यायला आल्या! सगळं ठरलं, सुपारी फुटायची वेळ आली, तेव्हा म्हणाल्या, “आता आमचा मान. लग्न परीक्षेनंतर. पोरगी पदवी घेऊनच तुमचं माप ओलांडंल.”

चुलता म्हणाला, “ह्यात मान कसला?”

“जिलेबीत मान असतो, मग ह्यात का नसंल? जिलेबी तर उद्या सकाळी शिळी होती.”

माणसं हसली, आणि हसलेल्या माणसांना नाही म्हणता येत नाही. चार माणसांत शब्द दिला गेला. परत येताना मी म्हणालो, “मॅडम, यासाठी कायदे आहेत. तुम्हीच पुस्तक लिहिलंय.” त्या म्हणाल्या, “कायद्याला कोर्ट लागतं, जाधव. शब्दाला चार माणसं पुरतात.”

झालं. सुवर्णाने मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी गावाकडून ये-जा करणाऱ्या सगळ्या पोरींना सांगितलं, आणि केबिनबाहेर रांग लागली. “मॅडम, माझी बैठक हाय, मामा व्हाल?” आजऱ्याच्या पोरी काजू घेऊन यायच्या, आणि ते मला खावे लागायचे, कारण मॅडमना काजूने पित्त व्हायचं. खरे मामा चिडले. एक जण तर तक्रार घेऊनच आला, की आमचा मान कुलगुरूंनी पळवला. मॅडमनी त्याला शेजारी बसवलं, “या की, दोघं मिळून बोलू. तुम्ही फेट्याचं बघा, मी शाळेचं बघतो.”

पुण्यामुंबईच्या विदुषींना हे रुचलं नाही. एका परिसंवादात एकीने सुनावलं, “आपण पितृसत्ताक व्यवस्थेला अधिमान्यता देत आहात. आयुष्यभर जे मोडायचं म्हणालात, त्याच्याच जाजमावर आपण बसता.” टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, “बरोबर हाय तुमचं. तुम्ही व्यवस्था पाडा. ती पडंपर्यंत मी पोरीला परीक्षेला बसवून येतो.” या वाक्याला टाळ्या पडल्या नाहीत.

सगळे शब्द पाळले गेले असं नाही हो. आजऱ्याची एक पोर परीक्षेआधीच सासरी नेली ती नेलीच. मॅडम पुन्हा गेल्या, भांडल्या, उंबऱ्यावरून परत आल्या. त्यातूनच त्यांनी वसतिगृहाचा ध्यास घेतला. पोरी गावाबाहेर राहिल्या की निदान शिकेपर्यंत डोळ्यांआड राहतील, असा त्यांचा हिशेब. दोनशे पोरींची इमारत. आबासाहेबांच्या मागे लागून लागून त्यांनी पाया घालून घेतला. खांबही उभे राहिले. बाकीचं त्यांच्या दुसऱ्या मुदतीत व्हायचं होतं, आणि दुसरी मुदत द्यायची होती आबासाहेबांनी.

आणि नेमकी तेव्हाच केबिनमध्ये राजनंदिनी आली. आबासाहेबांची मुलगी, आमच्याच विधी विभागात शेवटच्या वर्षाला. दार लावून घेतलं आणि म्हणाली, “मामा, रविवारी माझी बैठक आहे. सांगलीकडचं मोठं घर आहे, मुलगा चांगला आहे, मला पसंत आहे. पण परीक्षेआधी लग्न म्हणतायत, आणि सुनेने कोर्टात जायचं नाही म्हणतायत. बाबा काहीच बोलणार नाहीत. तुम्ही याल?”

ती गेल्यावर मी मॅडमच्या टेबलाला हात लावून उभा राहिलो. म्हणालो, “जाऊ नका. आबासाहेबांच्या घरात जाऊन त्यांच्या व्याह्यांना अट घालाल, तर तुमची मुदत गेली आणि वसतिगृहही गेलं. एका पोरीसाठी दोनशे पोरींचं घर घालवणार?”

मॅडमनी चष्मा काढला. “दोनशेंसाठी एकीनं गप बसावं, घरासाठी एकीनं गप बसावं, हे गणित बाईला पाळण्यातच शिकवत्यात, जाधव. मी कुलगुरू होऊन तेच शिकवू?” मला इतका राग आला! वाटलं, काय हा हेकटपणा. दोनशे पोरी म्हणजे थोड्या झाल्या का?

रविवारी आबासाहेबांच्या दिवाणखान्यात मॅडम राजनंदिनीच्या खऱ्या मामांच्या शेजारी जाऊन बसल्या. आबासाहेबांचा चेहरा असा झाला, जणू जेवताना दाताखाली खडा आला. पण खडा थुंकायची सोय नव्हती, समोर पाहुणे! आणि पाहुण्यांची झाली वेगळीच समजूत. त्यांना वाटलं, वधूपक्षाने आपल्या मानासाठी खास कुलगुरू आणून बसवल्या. मुलाचे वडील इतके खूश झाले, की मॅडमनी “आमचा एक मान हाय” म्हटल्याबरोबर ते म्हणाले, “तुम्ही सांगाल तो मान्य.” मॅडमनी सांगितलं: लग्न परीक्षेनंतर, आणि सून कोर्टात उभी राहणार. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. पण मान्य म्हणून बसले होते. आबासाहेब पाहुण्यांना दाखवायला हसले. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं नोकरी केली, पण असं हसताना त्यांना पाहिलं नव्हतं.

दुसरी मुदत मिळाली नाही. निरोप समारंभ मात्र दणक्यात झाला. आबासाहेबांनी स्वतःच्या हाताने मॅडमना कोल्हापुरी फेटा बांधला, स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा उल्लेख केला, आणि तो त्याग कुणी करायला लावला हे सांगायचं विसरले. मॅडम उत्तरादाखल म्हणाल्या, “फेटा जरा घट्ट झालाय, पर डोकं माझंच हाय.” पोरी रडल्या. मीही रडलो, लपवत नाही.

वसतिगृहाचं काय झालं? आबासाहेब हिशेबी माणूस. उभे खांब वाया कसे घालवतील? वर छत टाकलं, पुढे कमान उभी केली आणि मंगल कार्यालय काढलं. सीझनला तारीख मिळत नाही. मॅडमना कळलं तेव्हा म्हणाल्या, “चला, पोरी तिथं आल्या तर खरं. एक दिवस राहत्यात, एवढंच.” हसत म्हणाल्या, पण नंतर बराच वेळ पानाच्या डब्याचं झाकण उघडत आणि लावत राहिल्या.

त्या शिरोळला जाऊन राहिल्या. गुडघे गेले होते, तरी बायका कागद घेऊन यायच्या, भांडणं सोडवून घ्यायच्या. मी निवृत्त झालो तरी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. पुढची गोष्ट त्यांच्या शेवटच्या वर्षातली. मी ओसरीवर चहा पीत होतो आणि दारात आबासाहेबांची गाडी थांबली. आबासाहेब एकटेच उतरले. मॅडमनी बसायला सांगितलं, तर ते खुर्ची सोडून खाटेच्या कडेला बसले.

“राजनंदिनीला सनद मिळाली, कोर्टात जात होती,” ते म्हणाले. “मूल झालं आणि सासरच्यांनी ते बंद केलं. काळा कोट कुलपात ठेवलाय. पोरगी फोनवर बोलत नाही, नुसती रडते. मॅडम, त्यांनी शब्द तुम्हाला दिला होता. एकदा चला. तुम्ही बोललात तर ऐकतील.”

मॅडम पदराने चष्म्याची काच पुसत राहिल्या. आबासाहेबांना वाटलं, भाव होतोय. व्यवहारी माणूस तो. म्हणाले, “मंगल कार्यालय बंद करतो. वसतिगृह पुरं करतो, दोनशे पोरींचं, तुमच्या नावाचं. उद्या काम सुरू. फक्त एवढं या.”

मी मनात म्हणालो, हो म्हणा मॅडम, आता तरी हो म्हणा. एक पोर आणि दोनशे पोरी, दोन्ही एकदम मिळतायत!

मॅडम म्हणाल्या, “न्हाय, आबासाहेब. मी येणार न्हाय.”

“का? राग आहे?”

“राग हाय की. मुदत घालवली त्याचा न्हाय. त्या दिवशी तुम्ही शेजारी बसून हसला, त्याचा हाय. मी मामा म्हणून बोललो, त्ये बाप गप होता म्हणून. आज परत मी बोललो तर परत दोन वर्षांनी गाडी घेऊन याल. मी आज हाय, उद्या न्हाय. वसतिगृह बांधा, न्हाईतर तिथं जिलेब्या तळा. लेकीचं तुमचं तुम्ही बोला.”

“मुलीच्या बापाने कसं बोलायचं, मॅडम?” मंत्र्यांना दारात ताटकळत ठेवणारा तो माणूस अगदी लहान आवाजात विचारत होता.

“तोंडानं,” मॅडम म्हणाल्या.

आबासाहेब उठले. दारात माझ्याकडे वळून म्हणाले, “जाधव, तू तरी चल.” मॅडमनी मला डोळ्यांनीच जा म्हटलं.

सांगलीकडच्या त्या वाड्याएवढ्या बंगल्यात आम्हाला सोफ्यावर बसवलं. व्याही, विहीणबाई, जावई, सगळे जमले. चहा आला. पाऊसपाणी झालं, उसाचा दर झाला. आबासाहेब कपाकडे बघत होते. मला वाटलं, गेलं, आता हे चहा पिऊन परत निघणार. तेवढ्यात त्यांनी कप खाली ठेवला.

“व्याही,” ते म्हणाले, “शब्द तुम्ही मॅडमना दिला होता. मी शेजारी मुका बसलो होतो, म्हणून त्या शब्दाला किंमत राहिली नाही. आज बाप म्हणून सांगतो. माझी लेक कोर्टात जाणार. तुमच्या घरातून गेली तर मला आनंद आहे. तुमच्या घरातून जमत नसेल, तर माझ्या घरातून जाईल. माझं दार तिला उघडं आहे.”

स्वयंपाकघराच्या दारात राजनंदिनी मुलाला कडेवर घेऊन उभी होती. तिने बापाला असं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं. मूल आईच्या तोंडाला हात लावत होतं आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी. विहीणबाई उठल्या, खोलीत गेल्या, आणि किल्ली आणून सुनेच्या हातात दिली. रागाने दिली की मनाने, ते मला अजून सांगता येत नाही. पुढच्या सोमवारी राजनंदिनी कोर्टात होती.

मंगल कार्यालय अजून चालू आहे. बोलीप्रमाणे मॅडम गेल्या नाहीत, तर वसतिगृह कशाचं? आबासाहेब बदलले, पण एवढे नाही बदलले.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी शिरोळला उतरलो आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मला वाटलं, म्हणतील, बघा, गुण आला की नाही. तसं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “शेवटी काय म्हणाले? परत सांगा.”

“माझं दार तिला उघडं आहे, म्हणाले.”

मॅडमचा चष्मा हातात राहिला आणि डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मुदत जाताना, आजऱ्याच्या उंबऱ्यावरून परत येताना मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“माझ्या बापानं एवढं एक वाक्य म्हटलं असतं, जाधव,” त्या म्हणाल्या, “तर मी कशाला हो कुणाचा मामा झालो असतो?”